उशाशी बसून शिकायचं, आणि पडद्यावरही

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी शुश्रूषा, रुग्णाच्या उशाशी बसूनच शिकता येते, असं मी ठामपणे सांगायची. जखम कशी धुवायची, "आता किती दिवस?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे पडद्यावर कसं शिकवणार? म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्स म्हटली की मी हजेरीपुरती बसायची.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्याच्या भागातून कॅन्सरचा पेशंट छत्रपती संभाजीनगरला नाहीतर मुंबईला टाटा हॉस्पिटलला जातो. "आता घरी न्या" म्हटलं, की तो परत येतो आणि पुढचं सगळं घरच्यांवर, आशाताईंवर, आमच्या उपकेंद्रावर येतं.

माझं मत बदललं ते 'इको' पद्धतीनं. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हिपॅटायटिस सी साठी ती सुरू केली. त्यात तज्ज्ञ रुग्णाला आपल्याकडे बोलावून घेत नाहीत. रुग्णाजवळचा डॉक्टर किंवा नर्स त्याचं नाव न सांगता व्हिडिओ कॉन्फरन्सवर केस मांडते आणि सगळे मिळून मार्ग काढतात. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्या तिरुवनंतपुरमच्या 'पॅलियम इंडिया'नं ही पद्धत पॅलिएटिव्ह केअरसाठी वापरली.

अशा चर्चेत मी केस मांडली ती गालाच्या कॅन्सरची. जखमेला इतका वास, की आजोबांची खाट ओसरीच्या टोकाला नेलेली, नातवंडं जवळ फिरकत नव्हती. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून ती पूड धुतलेल्या जखमेवर टाका, असं पडद्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सिस्टरनं विचारलं, "ड्रेसिंग कोण करतं? सून? तिला जेवण जातं का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्या सिस्टरच्या हातून अशा कितीतरी जखमा धुतल्या गेल्या असणार, हे त्या एका वाक्यात कळलं. उशाशी बसून मिळालेलं शहाणपणच तारेवरून आमच्या उपकेंद्रात पोचलं होतं.

वास कमी झाला तशी खाट घरात आली.

मॉर्फिनचंही तसंच. दर चार तासांनी द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही, हे पुस्तकात वाचलेलं. पण पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलं नाही, तर माणूस बद्धकोष्ठाला कंटाळून मॉर्फिनच टाकून देतो, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा पक्कं बसलं.

कूस बदलताना रुग्णाला कुठं धरायचं, हे मात्र आजही शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं. म्हणून आधी काही दिवस एखाद्या केंद्रात प्रत्यक्ष काम आणि मग नेमानं केस-चर्चा, असं मी आता मागते. आणि त्या चर्चेचा तास ड्युटीत धरावा. लसीकरणाच्या रांगेसमोर कानात इअरफोन घालून अशी केस ऐकता येत नाही.