फोनची दिवळी

उमरगा,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

प्रिय भाऊ,



येळवशीचा सण जवळ आला. निरोप फोनवरही देता आला असता, पण जे सांगायचंय ते फोनबद्दलच आहे, म्हणून मुद्दाम कागद घेतला. सावकाश वाच.

गेल्या येळवशीची दुपार तुला आठवते का? शेतात कडब्याची खोप घातली होती. पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील पोटभर झालं. अण्णा खोपीशेजारी बसले आणि आपणहून सास्तूरच्या भूकंपाचं सांगायला लागले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. अण्णा फावडं घेऊन तिकडे गेले होते, एवढंच आपल्याला माहीत. तिथं काय पाहिलं ते त्यांनी इतक्या वर्षांत कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी सुरुवात केली. "एका माळवदाखालून आवाज येत होता..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मघाशी टाकलेल्या आंबिलीच्या फोटोला कुणीतरी लाईक दिलं होतं. ते बघितलं, मग त्याच्या पुढचं, मग आणखी पुढचं. तूही समोर मान खाली घालून तेच करत होतास. मी वर बघितलं तेव्हा अण्णा गप्प होते. कडब्याची एक काडी घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करत होते. "मग काय झालं, अण्णा?" मी विचारलं. "राहू दे," म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

ते "राहू दे" अजून माझ्या कानातून जात नाही.

आधी वाटलं, आपल्याच मनाला आवर नाही. मग या गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं, मिळेल ते वाचलं. बोटानं सरकवत राहावं आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती एझा रास्किन नावाच्या माणसानं २००६ साली काढली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, आणि तो तसं उघड बोललाही. पूर्वी पानाच्या शेवटी थांबावं लागायचं. त्या थांबण्यात "आता पुरे" म्हणायला जागा होती, तीच काढून टाकली. त्यात पुढचं चांगलं निघेल की फालतू, हे आधी कळत नाही. दर वेळी चांगलंच निघालं असतं तर माणूस कंटाळून उठला असता. कधीतरी निघतं, म्हणून बोट थांबत नाही. जुगारी माणूस फडावरून उठत नाही तो याच आशेवर. हे कळल्यावर माझं मन थोडं हलकं झालं. पण हलकं झालं म्हणून जबाबदारी सुटत नाही.

फोन टाकून दे, असं मी म्हणणार नाही. आपल्या शेतकऱ्याला ते परवडणारही नाही. सोयाबीनचा भाव त्यावर बघतो, पावसाचा अंदाज त्यावर येतो, पीक विम्याचा अर्ज त्यावर. ई-पीक पाहणीचंच बघ. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच करायची आली. बांधावर उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा, नोंद पाठवायची. संपलं काम. फोन खिशात, आपण पुन्हा तुरीत. फोन तोच, बोटंही तीच. पण त्या कामाला शेवट असतो, म्हणून ते आपल्याला धरून ठेवत नाही.

यावर विचार करताना मला आपलं जुनं घर आठवलं. घरातल्या वस्तूवस्तूला जागा होती. जातं ओसरीत, खुरपं वळचणीला खोचलेलं, कंदील खुंटीला, आणि रेडिओ जाड दगडी भिंतीतल्या दिवळीत. बातम्या लागल्या की आपण दिवळीपाशी जायचो, संपल्या की परत यायचो. रेडिओ कधी आपल्या मागे न्हाणीत आला नाही, अंथरुणात आला नाही. या फोनला तेवढी जागाच कुणी ठरवून दिली नाही, म्हणून त्यानं सगळं घर घेतलं.

भूकंपानंतर दगडी भिंती गेल्या, दिवळ्याही गेल्या. मी सुताराकडून स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळी ठोकून घेतली. तिला आम्ही दिवळीच म्हणतो. संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यांचे फोन तिथं. कुणाचा फोन आलाच तर उठून जायचं, उभ्यानं बोलायचं, ठेवून परत यायचं. रात्रीही ते तिथंच. उशाशी आता गजराचं घड्याळ आहे. फोन आणि निरोप सोडून बाकी सगळ्या सूचना बंद केल्या, रील्सचं ॲप काढून टाकलं. फोन उचलताना मनाशी एकदा म्हणते, "कशासाठी?" उत्तर आलं नाही तर हात मागे घेते.

सहा ते आठ ही वेळ माझ्या डोक्यातली नाही. आपल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं हे आधी करून दाखवलं. तिथं सहा वाजता भोंगा वाजला की दोन तास टीव्ही, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली सात ते साडेआठची वेळ धरली. या दोन्ही गावांनी मला एक गोष्ट शिकवली: हे एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून करायचं. पहिला महिना मी एकटीच फोन ठेवत होते आणि घरातले बाकीचे बघत होते. तेव्हा दर दहा मिनिटांनी जीव तिकडे ओढायचा. सगळ्यांनी ठेवले त्या दिवसापासून ओढ कमी झाली. दोन तास शेजारी बोलणारं माणूस असलं की हात रिकामा वाटत नाही. तू पुण्यात कितीदा ॲप काढून पुन्हा टाकलंस ते मला माहीत आहे. तू कमी पडलास असं नाही, तू एकटा पडलास. घरातल्यांना बरोबर घे. तुझी छकुली शाळेतून आल्यावर पहिले दोन तास तिचे धर.

पहिले काही दिवस अण्णा दिवळीकडे नुसते बघायचे, बोलत नव्हते. मागच्या आठवड्यात वीज गेली होती. आम्ही अंधारात ओसरीवर बसलो होतो, बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आणि अण्णा एकदम म्हणाले, "त्या माळवदाखाली एक म्हातारी होती. तिनं आधी पाणी नाही मागितलं. नातवाचं नाव सांगितलं, त्याला हुडक म्हणाली."

मग थांबले. मी "मग?" म्हटलं नाही. नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाकीचं येळवशीला सांगतो. धाकट्यालाही ऐकू दे."

तेव्हा ये. आदल्या रात्रीच ये, सगळ्यांना घेऊन. शेताकडे निघताना माझ्या डोक्यावर आंबिलीचा बिंदगा असेल, आणि तुमचे फोन घरी दिवळीत असतील.

तुझी,
ताई