गुडघा झाल्यावर

माणसाला गुडघे असतात, हे साठी उलटेपर्यंत मला जाणवले नव्हते. पोट, दात, डोळे यांनी वेळोवेळी आपली ओळख करून दिली होती. गुडघे मात्र बिचारे दादरच्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या ५७ पायऱ्या मुकाट्याने चढत-उतरत आले. मग एके दिवशी उजवा बोलू लागला, आणि घरात दुसऱ्या कुणाला बोलायला सवडच उरली नाही!

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. दोन हाडांमधली कूर्चेची गादी झिजून हाडावर हाड घासत होते. "सांधा बदलावा लागेल," ते म्हणाले. मला धीर यावा म्हणून चिरंजीवांनी इतिहास शोधून काढला. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या शल्यवैद्याने १८९० सालीच हस्तिदंताची बिजागरी बसवून कृत्रिम गुडघा करून पाहिला होता म्हणे. तो पुढे टिकला नाही, हे मी मागाहून वाचले! खर्चाची धास्ती मात्र सरकारने थोडी हलकी केली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आली आणि नेहमीच्या धातूचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर एवढ्यावर आला.

तारीख मिळाली ती एप्रिल २०२० ची. मार्चात टाळेबंदी आली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. गुडघ्यावाचून कुणाचा जीव जात नाही, हे खरेच. पुढे रुग्णालयाची दारे उघडली, तर माझ्या रक्तातली साखर चढलेली. साखर उतरली, तर मलाच भीती चढली!

या काळात आमच्या घरात शालिवाहनाखेरीज आणखी एक शक सुरू झाला : 'गुडघा झाल्यावर'. पुण्याला भाचीकडे कधी जायचे? गुडघा झाल्यावर. भिंतींना रंग? गुडघा झाल्यावर. दुखेल म्हणून मी चालेना. चालेना म्हणून मांडीचे स्नायू सुकले. ते सुकले तसा सांध्याचा आधार गेला आणि गुडघा अधिकच दुखू लागला. रात्री कूस बदलताना जाग येई. माझे जग शिवाजी पार्कापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, तिथून जिन्यापर्यंत, आणि शेवटी गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत आक्रसले. चहा निवला एवढ्यावरून मी घर डोक्यावर घेऊ लागलो.

२०२२ च्या दिवाळीत शेजाऱ्यांनी शिवाजी मंदिरातल्या नाटकाची दोन तिकिटे आणून दिली. मी सवयीने म्हणालो, "गुडघा झाल्यावर पाहू." सौ. करंज्या तळीत होती. झारा हातात तसाच धरून ती म्हणाली, "अहो, गुडघा तुमचा दुखतोय. माझे दोन्ही ठणठणीत आहेत. तरी तीन वर्षं मीही या खुर्चीपाशीच बसलेय!"

मला उत्तर सुचेना. या रांगेत आपण एकटेच उभे आहोत, अशी माझी समजूत होती. माझ्या मागे ही उभी होती, आणि मी एकदाही वळून पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी ती शेजारीणबाईंबरोबर नाटकाला गेली. मी डॉक्टरांनी वर्षापूर्वी दिलेला व्यायामाचा कागद शोधून काढला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. ती परतली तेव्हा मी घाम पुसत मोजत होतो. पदर खोचून तिने मोजणी आपल्या हाती घेतली आणि मधल्या विसाव्यात पहिला अंक सांगितला. दुसरा अंक ऐकायला मला दुसऱ्या दिवशीही व्यायाम करावा लागला!

शस्त्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये झाली. दुसऱ्याच दिवशी मला वॉकर धरून उभे केले. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा," हा नवा मंत्र मी पाठ केला. मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही दोघे नाटकाला निघालो. ५७ पायऱ्या मंत्र जपत उतरलो. रस्त्यावर येताच ती भराभर पुढे गेली.

"अगं, थांब जरा!" मी काठी उंचावून ओरडलो.

ती थांबली आणि मागे वळून हसली. "थांबते हो. सवय आहे मला."