पायाखालचा ढिलेपणा

शनिवारची सकाळ. वडखळ नाक्यावर अलिबागला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि मी जीप घेऊन त्या रांगेत अडकलो होतो. क्लच पार खाली दाबला होता, तरी जीप आपली हळूहळू पुढच्या गाडीकडे सरकत होती. पहिला गिअर टाकताना कर्र आवाज. ब्रेक दाबला तर तोही नेहमीपेक्षा बोटभर खाली जाऊन लागला. मला धरमतरचा पूल ओलांडून पोयनाडला जायचं होतं. पुढेमागे डोलवीच्या कारखान्याचे अवजड ट्रक, आणि पुलाच्या चढावर असा क्लच! मी जीप वळवली आणि घरी आणली.

ही जीप वडिलांनी १९८६ साली जुळवलेली. विकत घेतलेली नव्हे, जुळवलेली. चेसिस लष्कराच्या लिलावातली, बॉडी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेली, इंजिन आणि गिअरबॉक्स आणखी तिसरीकडचे. घराण्याने विलिस सीजे थ्री-बी, पण एकाही भागाला दुसऱ्याचं वय माहीत नाही. आपल्याकडे जीप बनू लागली तीच मुळी सुट्या भागांतून. १९४७ साली महिंद्रांनी विलिस कंपनीकडून ७५ गाड्यांची पहिली खेप सुटी करून मागवली होती, आणि १९४९मध्ये माझगावला जोडणीची जागा घेतली. वडिलांनी आमच्या अंगणात केलं ते काही वेगळं नव्हतं, फक्त त्यांचे भाग नवे नव्हते.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. दोन्हीकडे एकच उत्तर: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी पैशांची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात शेजारचे मिस्तरी काका आले. वय सत्तरीच्या पुढे, आता काम करत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेडल हाताने हलवून पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या पेडलावर पाय ठेवला, त्याला हात कधी लावलाच नव्हता.

"पाय उतावळा असतो रे. हाताला कळतं," म्हणाले आणि खाली वाकले. इंजिन बंद. दोन बोटांत क्लचचं पेडल धरून त्यांनी ते डावीकडे-उजवीकडे हलवलं. ते चक्क इंचभर डुललं. मग मला खालचा पत्रा दाखवला. या जुन्या जीपमध्ये पेडलं वरून लोंबत नाहीत, पायाखालच्या पत्र्यातल्या खाचेतून वर येतात. त्या खाचेची डावी कड रंग जाऊन चांदीसारखी चकाकत होती. पेडलाचा दांडा तिथे कित्येक महिने घासत होता आणि मी रोज त्याच्याकडे पाहत होतो.

आडवं डुलणं म्हणजे बुश किंवा शाफ्ट झिजलेला. पुढेमागे रिकामं चालणं म्हणजे पिना आणि भोकं झिजलेली. दोन्ही दुखणी वेगळी, आणि आमच्या जीपला दोन्ही होती. त्यांनी ब्रेकचं पेडल सावकाश दाबलं, तर शेजारचं क्लचचं पेडलही थोडं सोबत निघालं. दोन्ही एकाच आडव्या शाफ्टवर बसवलेली. गंजाने एकमेकांना धरून बसली होती.

ब्रेकच्या तेलाकडचा दोष नाही ना, हे त्यांनी आधी पाहून घेतलं. पेडल जोराने दाबून मला मिनिटभर धरायला लावलं. खाली बसत गेलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर धड होता. स्पंजासारखं लागलं नाही, म्हणजे हवा नव्हती. लागोपाठ दुसऱ्यांदा दाबून पाहिलं. वर आलं असतं तर शू सैल आहेत असं ठरलं असतं. तेही झालं नाही. उरले फक्त सांधे.

मग चाकांना ओंडके लावले आणि मी खाली शिरलो. काका वर बसून पेडल जेमतेम हलवत होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक सांध्यावर बोट असं ठेवलं की अर्धं पिनेवर आणि अर्धं तिच्या काट्यावर येईल. दोन्ही एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी आणि दुसरा मागून हलला, तर ती ढिलाई बोटाच्या कातडीला थेट कळते. पेडलाचा काटा, मधला दांडा, चेसिस आणि बेल हाउसिंग यांच्यामधली आडवी नळी, तिच्या दोन टोकांचे बॉल, शेवटी फोर्क. एकही सांधा फार सैल नव्हता. प्रत्येकात मिलिमीटर, फार तर दीड मिलिमीटर.

कोडं तिथेच सुटलं. मी पट्टीने मोजलं: शाफ्टपासून पाय ठेवायच्या पत्तीपर्यंत बारा इंच, शाफ्टपासून खालच्या पिनेपर्यंत दोन. म्हणजे पिनेपाशी एक मिलिमीटर सैल असलं की पायाशी सहा मिलिमीटर फुकट जातात. असे पाच सांधे. क्लचच्या पेडलाला इंचभर मोकळी चाल हवी. आमचं अडीच इंच चालल्यावर कुठे फोर्क हलायला लागत होता. प्लेट सुटायला चाल उरतच नव्हती. प्लेट निर्दोष होती.

ब्रेकच्या पिनेपाशी बोट टोचलं. टॉर्च मारला. कॉटर पिनेच्या जागी वाकवलेला खिळा होता, गंजून काडीएवढा बारीक झालेला. ब्रेकचं पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एवढाच आधार होता, आणि याच जीपमधून मी मुलांना पेणला गणपती आणायला नेत होतो. मी बराच वेळ तिथेच आडवा पडून राहिलो.

माझ्या मनात नट आवळून पेडलांची मोकळी चाल कमी करायची होती. काका चांगलेच रागावले. क्लचची झीज नटाने झाकली, तर झिजलेले सांधे तसेच राहतात आणि एक दिवस रस्त्यात तुटतात. वर जास्त आवळलं तर रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरत राहतं आणि जळतं. ब्रेकचा पुशरॉड लांबवला तर त्याहून वाईट. तेल परत जायचं बारीक भोक बंदच राहतं, शू सुटत नाहीत, ड्रम तापतात. तिथे अर्धा इंच मोकळी चाल राहायलाच हवी.

शाफ्ट काढायला दोन दिवस डिझेलमध्ये भिजवावा लागला. बाहेर आला तेव्हा एकाच बाजूने खाल्लेला होता. नखाला पायरी लागत होती. कारण ग्रीस निपलात सापडलं. मी दर दोन महिन्यांनी ग्रीस मारत होतो, पण निपलाच्या मागे खाजणाची माती दगडासारखी घट्ट झाली होती. ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळत होतं आणि मी ते पुसून समाधानाने उठत होतो. आमचा खारेपाट. उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जायचं तर बांधावरून, उधाणात पाणी रस्त्यावर येतं, आणि तो खारा चिखल जीपच्या पोटाला चिकटतो. पायाखालचा शाफ्ट त्याच्या थेट वाटेत.

लेथवाल्याने नवा शाफ्ट काढून दिला, गनमेटलचे बुश केले, आत ग्रीसची चर पाडली. लांबट झालेली भोकं भरून पुन्हा पाडली. पिना सगळ्या नव्या, आणि प्रत्येकीला खरी कॉटर पिन. प्लेटला हातही लावला नाही.

परवा पुलावर गेलो. चढावर ट्रक थांबला, मी क्लच दाबला, जीप जागच्या जागी उभी राहिली. खाली खाडीतून डोलवीच्या जेट्टीकडे बार्ज चाललं होतं. पलीकडच्या उतारावर ब्रेक वरच लागला.

आता दर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ओसरलं की मी जीपखाली जातो. गोड्या पाण्याने शाफ्ट धुतो, ग्रीसची गन लावतो, आणि दोन्ही टोकांकडे पाहत राहतो. आधी काळं, रेतीचं ग्रीस येतं. पिवळं, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन काढत नाही.