आधी बाथरूम दाखवा, मग खोली

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन पुण्यात होस्टेलं बघत फिरत होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नंबर लागलाय तिचा. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आमच्या ताईच्या घरात ही सवलत बसली. ताई फोनवर म्हणाली, "फीचं टेन्शन गेलं गं, आता फक्त राहायचं बघ."

"फक्त राहायचं." या दोन शब्दांवरच आजची पोस्ट आहे. लांबलचक आहे, पण मुलगी असलेल्या प्रत्येक घरानं वाचावी.

पहिल्या होस्टेलला गेलो. रेक्टर मॅडम चांगल्या बोलत होत्या. खोली दाखवली, खिडकी, कपाट, टेबल, वाय-फाय. भाचीनं कॉटवर बसून बघितलं, फोटो काढून मैत्रिणीला पाठवले. मी म्हटलं, "मॅडम, बाथरूम कुठंय?"

"कॉमन आहे, पॅसेजच्या टोकाला."

"बघू का?"

त्या जरा थबकल्या. म्हणाल्या, "पालक सहसा खोली बघतात, मेस बघतात. बाथरूम कुणी विचारत नाही."

विचारत नाहीत, हे मला चांगलं माहितीये. माझ्याही वडिलांनी विचारलं नव्हतं.

साल २००३. आमचं गाव कळंब तालुक्यातलं. बारावीपर्यंत एसटीच्या पासवर शिकले. पुण्यात अॅडमिशन झालं तेव्हा अण्णा सोडायला आले होते. वाटेत गाडी बंद पडली, पोचेपर्यंत दुपार उलटली. पुरुषांना ऑफिसच्या पुढं प्रवेश नव्हता. अण्णांनी ऑफिसात पैसे भरले, पावती घडी करून खिशात ठेवली, आणि खाली पायरीवर ट्रंकेशेजारी बसून राहिले. मी एकटी वर गेले.

पहिल्या मजल्यावर १६ खोल्या, एकेका खोलीत ३ मुली. म्हणजे ४८ जणी. सकाळी आलेल्या मुलींनी लांबच्या खोल्या धरल्या होत्या. शांत, हवेशीर, वास नाही. उरली होती १०१. बाथरूमला अगदी चिकटून. भिंतीपलीकडं बादल्यांचा खडखडाट, नळाची धार, फिनेलचा वास. मला रडू आलं. खाली येऊन अण्णांना सांगितलं, "खोली चांगली आहे." ते म्हणाले, "झालं तर मग," आणि स्वारगेटला निघून गेले.

आता हिशेब ऐका. ४८ मुलींना ४ न्हाणीघरं. पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात, म्हणजे १२० मिनिटं. एका न्हाणीघराला १२ मुली, प्रत्येकीला १० मिनिटं. पण चारातल्या एकाची कडी तुटलेली. ते सोडलं तर तिघांवर १६-१६ जणी, प्रत्येकीला साडेसात मिनिटं. त्यात अंघोळ, केस आणि धुणं. पाळीचे दिवस असले तर तेही त्यातच.

म्हणून बादल्यांचा नंबर लागायचा. प्रत्येकीच्या बादलीवर नेलपॉलिशनं नाव. झोपेतून उठून आधी बादली रांगेत ठेवायची, मग दात घासायचे. "तुझ्यानंतर कोण?" "सोलापूरवालीनंतर मी!" अशी आरडाओरड. पहिल्या महिन्यातली निम्मी भांडणं त्या रांगेत झाली आणि पुढं टिकलेल्या मैत्रीही तिथंच झाल्या. तुटक्या कडीच्या न्हाणीघरात एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दाराला पाठ लावून उभं राहायचं, ही पद्धत कुणी शिकवली नाही, आपोआप पडली. जिला पाठ लावायला कुणी नसेल तिनं मात्र थांबायचं.

महिनाभरात मला कळलं की रडवणारी १०१ नंबरची खोली ही खरी लॉटरी होती. पाणी आलं की आवाजानंच जाग यायची. आणि रात्री चार पावलांत संडास. त्या पॅसेजमधला मधला बल्ब गेलेला होता. १०८ नंबरपासून पुढं बाथरूमपर्यंत नुसता अंधार. लांबच्या खोल्यांतल्या मुली रात्री आमचं दार वाजवायच्या. "जागी आहेस का? सोबत येतेस?" आम्ही तिघी आळीपाळीनं उठायचो. आमच्या खोलीचं नावच पडलं होतं, सोबतीची खोली.

११६ नंबरमध्ये, अगदी दुसऱ्या टोकाला, जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी होती. नाव लिहीत नाही. अबोल. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढं. तिनं आमचं दार कधीच वाजवलं नाही. मला वाटायचं, धीट आहे, एकटी जात असेल.

ती जातच नव्हती. संध्याकाळी सहानंतर ती पाणी प्यायची बंद व्हायची. मेसमध्ये ताट संपवायची, तांब्याला हात लावायची नाही. कॉलेजमधला मुलींचा संडास बहुतेक वेळा कुलपात, म्हणून दिवसाही घोटभरच. तिच्या रूममेटनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा ती दवाखान्यात होती. आधी जळजळ, मग थंडीताप, मग पाठीतून कळा. लघवीतला संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं, यानं हे दुखणं बळावतं. दिवाळीच्या तोंडावर वडील घरी घेऊन गेले. सुट्टीनंतर आम्ही परत आलो, ती आली नाही. डिसेंबरात भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. "घरचे नको म्हणतात," एवढंच बोलला. कॉइन बॉक्सवरून एकदा मी तिच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला होता. बोलावून आणतो म्हणाले. रुपया संपला, ती आली नाही.

तिची हिरवी बादली न्हाणीघरातच राहिली. काही दिवसांनी सफाईच्या मावशी ती फरशी पुसायला वापरू लागल्या. नेलपॉलिशचं नाव मात्र वर्षभर गेलं नाही.

त्यानंतर आम्ही पाच जणी अर्ज घेऊन रेक्टर बाईंकडं गेलो. बल्ब लावा, कडी लावा. बाई वाईट नव्हत्या, पण तेव्हा जे बोलल्या ते मी विसरले नाही. "घरी कुठं जायचात गं तुम्ही? रानातच ना? मग इथं लाइट नाही म्हणून एवढं कौतुक?"

आम्ही मान खाली घालून वर आलो. खरंच होतं ना. घरी संडास नव्हता, टमरेल घेऊनच जायचो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा सुचलं. घरी आम्ही रानात जायचो, पण एकट्या कधीच जायचो नाही. पहाटे आई हाक मारायची, काकू यायची, शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. रात्री-अपरात्री लागली तर आई कंदील घेऊन पाठ करून उभी राहायची. तेही हालच होते, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण तिथं सोबत होती. होस्टेलनं आम्हाला सिमेंटच्या चार भिंती दिल्या, सोबत काढून घेतली आणि बदल्यात एक बल्बसुद्धा दिला नाही. ज्या मुलीला हाक मारता येते ती निभावून नेते. जिला येत नाही ती पाणी सोडते, आणि मग शिक्षण.

शेवटी आम्हीच मजल्यावर वर्गणी काढली. प्रत्येकी एक रुपया. बल्ब आला, कडी आली, वर पैसे उरले. वॉचमन काकांनी स्टुलावर चढून दोन्ही कामं पाव तासात केली. लख्ख उजेड पडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवू शकले. हे पाव तासाचं काम ऑगस्टमध्ये झालं असतं तर? बल्ब गेलाय हे मला रोज रात्री दिसत होतं. माझी खोली जवळ होती म्हणून माझं अडत नव्हतं, एवढाच काय तो फरक. ही टोचणी अजून आहे.

आता थोडं आपल्या राज्याबद्दल. वसतिगृह म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नसेल तर नुसती शाळा काढून उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण तेव्हाची ही बोर्डिंगं बहुतेक मुलांसाठी होती. मुलगे विहिरीवर, नदीवर अंघोळ करून येत. मुली मोठ्या संख्येनं होस्टेलात आल्या त्या नंतर, आणि कॉट वाढवताना बाथरूम वाढवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आजही योजना आहेत. स्वाधार आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आता फीमाफी आहे. चांगल्याच योजना आहेत, मी नावं ठेवत नाही. पण भत्ता घेऊन मुलगी जाते कुठं? एखाद्या गल्लीतल्या खासगी होस्टेलमध्ये, जिथं एका फ्लॅटमध्ये दहा-बारा कॉट आणि एकच बाथरूम. तिथली कडी कोण तपासणार? पैसे खात्यात जमा झाले की आपलं काम संपलं, असं सरकारलाही वाटतं आणि आपल्यालाही.

म्हणून सांगते, होस्टेल बघायला जाल तेव्हा हे विचारा:

एका मजल्यावर मुली किती आणि चालू बाथरूम किती? "चालू" या शब्दावर जोर द्या. कुलूप लावलेली मोजू नका.

प्रत्येक दाराची कडी स्वतः लावून बघा.

पाणी किती ते किती? रात्री संडासात पाणी असतं का?

खोलीपासून बाथरूमपर्यंत चालत जा, आणि दिवे लावायला सांगा.

पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, तो रोज कोण उचलतं? त्या मावशींना हातमोजे मिळतात का, हेही विचारा. आपल्या मुलीची स्वच्छता दुसऱ्या कुणाच्या उघड्या हातांवर नको.

काही बिघडलं तर लिहून कुठं द्यायचं? वही आहे का? असेल तर उघडून बघा. वही कोरी असेल तर फार खूश होऊ नका.

आणि खोली निवडायची वेळ आली तर बाथरूमजवळची मिळाली म्हणून रडू नका. थोडा वास येईल, झोप मोडेल. पण पहिल्या वर्षाला ती खोली सांभाळून घेते.

भाचीनं हे सगळं तोंड वाकडं करत ऐकलं. "मावशी, तू इन्स्पेक्टर आहेस का?" तिसऱ्या होस्टेलात मात्र तीच माझ्या पुढं गेली आणि कड्या लावून बघू लागली. तिथंच ठरलं. बाथरूमपासून दुसरी खोली.

निघताना तिला एकच सांगितलं. तुझं अडत नसलं तरी बल्ब गेलेला दिसला तर सांग. आणि टोकाच्या खोलीत कोण राहतं ते पहिल्या आठवड्यात बघून ये. जी दार वाजवत नाही, तिचं दार तू वाजव.

परवा रात्री तिचा मेसेज आला. "पाचातल्या एकाची कडी सैल आहे. वहीत लिहिलं. टोकाच्या खोलीत नांदेडची मुलगी आहे, ती उद्यापासून आमच्याबरोबर जेवायला येणारे."

आपल्या गावच्या किती मुली यंदा बाहेर शिकायला गेल्यात, कुठं राहतात, हे मला कमेंटमध्ये सांगा. तुमच्यापैकी जे कॉलेजच्या समितीवर आहेत, नगरसेवक आहेत, होस्टेल चालवतात, त्यांनी एवढंच करावं: आज रात्री एकदा आपल्या इमारतीच्या पॅसेजमधून चालत जावं आणि गेलेले बल्ब मोजावेत.