देवबागला ठेवलेलं कार्ड

१२ मे २०२१, मालवण

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होणार, असं हवामान खातं सांगतंय. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला सुरुवात झाली. आमचं काम राउटरांचं. लशीची नोंदणी, मुंबईतल्या माणसांची विचारपूस, सगळं सध्या याच तारांवर चाललंय. रॉममॉन बदलायचं काम पावसाळ्यानंतर करू म्हणत होतो, ते आता लगेच उरकायचं.

१३ मे

राउटरला वीज मिळाली की सगळ्यांत आधी जागा होतो तो रॉममॉन. बोर्डावरच बसलेला छोटासा प्रोग्रॅम. तो मेमरी तपासतो, मुख्य सॉफ्टवेअर शोधतो, ते मेमरीत चढवतो आणि बाजूला होतो. मग महिनोन्‌महिने कुणाला त्याची आठवण येत नाही. सिस्कोच्या जुन्या २५०० मालिकेत तो बदलायचा म्हणजे खोकं उघडून चिपाच काढायच्या आणि नव्या बसवायच्या. आमच्या २८११ ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बाहेरूनच बसतं. लॅपटॉपवरून नवी फाइल कार्डावर घ्यायची, कार्ड राउटरला लावायचं आणि कन्सोलवरून अपग्रेडचा हुकूम द्यायचा. राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

याची रचना मला फार आवडते. रॉममॉनच्या दोन प्रती असतात. एक कारखान्यातून आलेली, ती पुसता येत नाही. नवी आवृत्ती दुसऱ्या जागी बसते. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी प्रत राउटरला उभं करते. ज्याने हे आखलं त्याने वीज जाणारी गावं नक्की पाहिली असणार.

फाइल मूळ जशीच्या तशी आहे का, हे सांगणारा एमडी५ आकडा जुळवल्याशिवाय मी हुकूम देत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच चोरवाट घातल्याचं उघड झालं. युक्रेन, फिलिपाईन्स, मेक्सिको आणि भारत मिळून १४ राउटर सापडले, आणि त्या मॉडेलांत २८११ होता. कुठून तरी मिळालेली फाइल 'चालते ना' म्हणून घालणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

भरडावरचा राउटर दुपारीच झाला.

१५ मे

वादळाला नाव मिळालं, तौक्ते. आज देवबाग. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून एकच रस्ता. तो बंद झाला तर मी पोचणार नाही आणि फायबर तुटली तर सॉफ्टवेअरही पोचणार नाही. बंद पडलेल्या नेटवर्कला नेटवर्कवरून काय पाठवणार? कन्सोलच्या तारेने ९६०० च्या वेगावर मुख्य सॉफ्टवेअरची तीस एमबीची फाइल, म्हणजे इमेज, चढवायला नऊ तास लागतात. वादळानंतर इतकी सलग वीज कुठून आणायची? म्हणून ती इमेज भरलेलं दुसरं कार्ड आधीच तिथे हवं.

राउटर ज्यांच्या पडवीत आहे त्या काकींना सगळं दाखवलं. सिस्टमचा दिवा स्थिर हिरवा, तर ठीक. बराच वेळ लुकलुकत राहिला, तर बूट अडलंय. मग बटण बंद करायचं, कार्ड बदलायचं, पुन्हा चालू. जोडणीची सगळी सेटिंग्ज राउटरच्या आत वेगळ्या मेमरीत असतात, त्यामुळे कार्ड बदलल्याने ती जात नाहीत. काकींनी एकदाच विचारलं, "कार्डाचो दिवो पेटलेलो आसताना काडूचा नाय, मां?" मी म्हटलं, तेव्हा नाही काढायचं. दुसरं कार्ड त्यांनी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. इथल्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही.

१६ मे

पहाटेपासून वारा. माड कोसळतायत. लायट नाही, मोबाइलला रेंज नाही.

१८ मे

कसालकडची आमची फायबर झाडाखाली तुटली आहे. जोडणारी मुलं कालपासून रस्त्यावर. रस्त्यावर कोयते आणि करवती घेऊन गावकरी, त्यांच्यामागे आम्ही. झाडं तेच बाजूला करतायत.

१९ मे

देवबागला मोटारसायकलने पोचलो. पडवीची कौलं उडालीत, राउटरवर काकींनी प्लास्टिक टाकलंय. शेजारच्या जनरेटरवर थोडा वेळ वीज घेतली, तेव्हा दिवा लुकलुकतच राहिला होता. मी सांगितलं होतं तसं त्यांनी कार्ड बदललं. "मगे थांबलो, हिरवो झालो," इतकंच त्या म्हणाल्या. मी कन्सोल लावून पाहिलं. रॉममॉन नवाच, सेटिंग्ज जागच्या जागी. संध्याकाळी फायबर जोडली गेली आणि देवबाग लगेच दिसायला लागलं. कन्सोलवर मला एक अक्षरही टाइप करावं लागलं नाही. काकींनी सगळ्यांत आधी गोरेगावच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून अंगण दाखवलं.

२० मे

काढलेलं कार्ड तपासलं. इमेजचा एमडी५ जुळत नाही, वीज जाता-येता फाइल बिघडलेली. फॉरमॅट करून पुन्हा वापरणारे आहेत, मी ते टाकून दिलं. पाऊस तोंडावर असताना संशयाचं कार्ड डब्यात नको. देवबागसाठी नवीन भरून ठेवलं. आचऱ्याच्या राउटरचा रॉममॉन अजून जुना आहे आणि तिथे दुसरं कार्डही नाही. उद्या सकाळी तिकडे.