हातातल्या पान्याची लाज कशाला?

वाचकहो, आमच्याकडे बिनगियरची एक जुनी स्कूटर आहे. आमच्या सौ. सकाळी सातच्या पाळीला दवाखान्यात जातात त्या तिच्यावरूनच. गेल्या पावसाळ्यात ही स्कूटर उड्डाणपुलाच्या चढावर अडू लागली. मूठ पिळली की इंजिन नुसते ओरडायचे, गाडी पुढे सरकायची नाही. गॅरेजवाल्याने ‘पूर्ण सेट’ बदलायचे ४२०० रुपये सांगितले. महिनाअखेर, त्यात मुलांची फी. आम्ही ठरवले, घरीच उघडून पाहू.

आमचे बाबा एस.टी.च्या कार्यशाळेत हेल्पर होते. त्यांनी आम्हाला बी.कॉम. केले, पण पान्याला कधी हात लावू दिला नाही. “माझ्या हाताचं काळं तुझ्या हाताला नको,” म्हणायचे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही दारात वर्तमानपत्र पसरून बसलो, तेव्हा ते खाटेवरून मुकाट्याने पाहत होते.

झाकण काढले. आत दोन पुल्या आणि त्यांवर एक रबरी पट्टा. पुढच्या पुलीत सहा छोटे रोलर. इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ आणतात. पट्टा तिथे वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो. हाच आपोआप बदलणारा गियर! हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली आपल्या छोट्या मोटारीत अशीच पट्ट्याची युक्ती वापरली होती.

आमचे रोलर एका बाजूने चपटे झाले होते. पट्टा झिजून अरुंद झालेला, आतून तडकलेला. मागचा क्लच ठीक दिसला. त्याच्या नटाखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती अंगावर उसळते. म्हणून तो आम्ही उघडला नाही. पट्टा आणि रोलर मिळून ११५० रुपये झाले. गल्लीतल्या गॅरेजमधल्या पोराने टॉर्कचा पाना तासाभरासाठी दिला.

नवा पट्टा चढवला, नट आवळला आणि मोठ्या अभिमानाने झाकण हाती घेतले. तोच बाबा म्हणाले, “थांब. पट्टा पुढं ताठ आहे. तबकड्यांत चिमटलाय. नट शाफ्टावर बसलाच नाही. गाडी फिरली की ढिला होईल.”

आमच्या अंगावर काटा आला. सकाळी सात वाजता पुलावर कोण असणार होते?

बाबा गुडघे धरत खाली बसले. मागच्या पुलीच्या तबकड्या फाकवून पट्टा आत दाबला, तसा तो पुढे सैल पडला. मग नट पुन्हा आवळायला लावला. त्या संध्याकाळी बापलेकांचे हात सारखेच काळे होते.

तीन हजार वाचले. पण बंधू-भगिनींनो, सांगायचे ते निराळेच. मुलांना खूप शिकवा. मात्र घरातल्या म्हाताऱ्या हातांत जी विद्या आहे, तीही त्यांना घेऊ द्या. पाना धरल्याने पेन बाटत नाही.