गोठ्यासाठी यंत्र

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा गणपतीच्या मखरांप्रमाणे नाताळच्या गोठ्यांचीही पंचाईत झाली. पार्ल्यातील आमच्या धर्मग्रामाच्या युवकांनी पुठ्ठा, बांबू, गवत सारे करून पाहिले आणि गेल्या पावसाळ्यात ते आमच्याकडे आले. "फादर, ३ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून बेथलेहेमची घरे, कमानी, मेंढरे कापू या. एक लहान यंत्र घेऊ या." सेमिनरीत आम्ही बारीक करवतीने लाकडाचे तारे कापीत असू. बोटांना फोड आल्याशिवाय एक तारा पुरा होत नसे. प्रस्ताव ऐकून आम्हालाही मोह पडला, हे कबूल केलेच पाहिजे.

अशी यंत्रे दोन जातींची असतात. सीएनसी राउटरमध्ये संगणकाच्या आज्ञेनुसार फिरते पाते लाकूड कोरीत जाते. धूर नाही, जाड लाकूडही चालते. परंतु पातळ फळी घट्ट आवळून धरावी लागते, आणि पाते गोल असल्यामुळे ३ मिलिमीटरच्या पात्याने आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येचा गोलच राहतो. भिंतीला भिंत बसवायची खाच त्यामुळे नीट जुळत नाही. शिवाय त्याचा आवाज! गावठाणात घराला घर लागून. विमानांचा गोंगाट तेवढा पुरे.

लेझरला ही अडचण नाही. त्याची रेघ केसासारखी बारीक. त्यातही एक कार्बन डायऑक्साइडच्या नळीचा आणि दुसरा निळ्या प्रकाशाचा डायोड लेझर. पहिल्याचा शोध १९६०च्या दशकात अमेरिकेत कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. हे सांगताच युवक म्हणाले, "मग तोच घेऊ या!" जणू बारामतीच्या नावावर सवलत मिळणार होती. परंतु त्याला थंड पाण्याचा प्रवाह हवा, विजेचा दाब मोठा, आरसे वरचेवर जुळवावे लागतात. निळ्या लेझरने पारदर्शक ॲक्रिलिक कापले जात नाही. आम्हाला ते कापायचेही नव्हते. फक्त जाहिरातीतला आकडा फसवा असतो. पुष्कळदा तो यंत्र किती वीज खाते त्याचा असतो. विचारायचे ते प्रत्यक्ष प्रकाशाचे वॉट. पातळ प्लायला १० वॉट पुरतात.

इथवर सारे सोपे होते. यंत्र ठेवायचे ठरले वेदीमागच्या सामानाच्या खोलीत, आणि त्या खोलीची खिडकी उघडते एका मावशींच्या ओटीवर. त्या दम्याने जर्जर आहेत; आम्ही पहिल्या शुक्रवारी त्यांना कम्युनियन द्यायला जातो, तेव्हा प्रार्थनेची एक ओळ म्हणताना त्या दोनदा थांबतात. प्लायवूड म्हणजे नुसते लाकूड नव्हे, थराथरांत डिंक असतो, आणि तो जळताना निघणारा धूर छातीला घातक. रेक्झिन तर कापूच नये. त्यातल्या पीव्हीसीमधून आम्लाचा वायू सुटतो, तो माणसाला आणि यंत्रालाही खातो. पाहुण्या बाळासाठी गोठा सजवायचा आणि शेजारणीचा श्वास कोंडायचा, हे आम्हाला पटेना. युवक थोडे हिरमुसले. अखेर यंत्र गच्चीवरच्या खोलीत गेले, बंद पेटीत, धूर ओढणाऱ्या पंख्यासह. नळी मावशींच्या घराच्या उलट दिशेला काढली. पेटी आणि नळी यांचाच खर्च डोळ्यांत भरण्याजोगा झाला.

आगीचा धडा आम्हीच दिला. यंत्र चालू असताना फोन घ्यायला दोन मिनिटे बाहेर गेलो. परतलो तो पेटीत एक मेंढरू पेटलेले. ओल्या फडक्याने विझले. तेव्हापासून यंत्रापाशी एक माणूस शेवटपर्यंत बसतो, आणि तो फोन घेत नाही.

नाताळनंतर आम्ही मावशींना विचारले, धुराचा वास येतो का?

"वास नाही, फादर. पण तो तुमचा पंखा रात्री नऊनंतर बंद ठेवायला सांगा."

आता तो साडेआठलाच बंद होतो.